घरपट्टी, राज्याची तिजोरी आणि तेरावी-चौदावी : कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांची कथा

धागा लांब आहे, सवडीने वाचावा. विषय वरकरणी रूक्ष आहे, कारण तो अर्थसंकल्पाचा आहे. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने ताम्रपट आणि बखरी जितक्या बारकाईने वाचाव्यात, तितक्याच बारकाईने जमाखर्चाच्या वह्याही वाचाव्यात, असे माझे ठाम मत आहे. राज्यकर्ते भाषणात काय बोलले, यापेक्षा त्यांनी कोणत्या रकान्यात किती रक्कम लिहिली हे पुष्कळदा अधिक बोलके असते.

६ जून १९७८ रोजी कॅलिफोर्नियात मतदान झाले. तेथे नागरिक थेट मतदानाने कायदा, इतकेच नव्हे तर राज्याच्या राज्यघटनेतील दुरुस्तीही मंजूर करू शकतात. त्या दिवशी मतदारांसमोर असलेला 'प्रस्ताव १३' हा घरपट्टीविषयीचा होता. हॉवर्ड जार्विस आणि पॉल गॅन हे त्याचे प्रवर्तक. सुमारे ६५ टक्के मतदारांनी त्याच्या बाजूने कौल दिला. महाविद्यालयांचे काय करायचे, हा प्रश्न त्या दिवशी मतदारांना कोणी विचारलाच नव्हता. तरीही अमेरिकेतील सर्वांत मोठ्या सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज व्यवस्थेचे भवितव्य त्या एका दिवसात बदलले. ते कसे, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. आपल्याकडे 'ज्युनियर कॉलेज' म्हटले की अकरावी-बारावी डोळ्यांसमोर येते. अमेरिकेत शालेय शिक्षण बारावीला संपते आणि ज्युनियर कॉलेज म्हणजे तेरावी-चौदावी. आपल्या भाषेत एफ.वाय. आणि एस.वाय. तेथे दोन वर्षे शिकून विद्यार्थी चार वर्षांच्या विद्यापीठात पुढील शिक्षणासाठी जाऊ शकतो किंवा परिचर्या, वाहनदुरुस्ती, हिशेबलेखन असा एखादा व्यवसाय शिकून थेट कामाला लागू शकतो. 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव रूढ झाले ते मुख्यतः १९४७ नंतर, राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या उच्च शिक्षण आयोगाच्या अहवालामुळे. (आपल्या विद्यापीठ अनुदान आयोगाने बाराव्या पंचवार्षिक योजनेत याच नावाची योजना आणली, पण ती प्रामुख्याने कौशल्यशिक्षणाची होती. दोन्हींची गल्लत करू नये.)

अमेरिकेतील पहिले सार्वजनिक ज्युनियर कॉलेज १९०१ साली इलिनॉय राज्यातील जॉलिएट येथे सुरू झाले, अवघ्या सहा विद्यार्थ्यांनिशी. मात्र ही कल्पना खऱ्या अर्थाने फोफावली ती कॅलिफोर्नियात. १९०७ च्या कायद्याने तेथील हायस्कुलांना तेरावी-चौदावीचे वर्ग चालवण्याची मुभा मिळाली आणि १९१० मध्ये फ्रेझ्नो या शेतीप्रधान गावात तसे पहिले वर्ग भरले. हे वर्ग हायस्कुलाला जोडून सुरू झाले, ही बाब ध्यानात ठेवावी. त्यामुळे त्यांचा खर्चही शाळांप्रमाणेच भागवला जाई, म्हणजे मुख्यत्वे स्थानिक घरपट्टीतून. पुढे स्वतंत्र कॉलेज-जिल्हे स्थापन झाले. प्रत्येकाचे निवडून आलेले नियामक मंडळ असे. कायद्याने आखून दिलेल्या मर्यादेत ते मंडळ कराचा दर ठरवी आणि अधिक पैसा हवा असल्यास स्थानिक मतदारांकडे जाई. गावाचे कॉलेज गावाच्या पट्टीवर चाले. बेसबॉलमधील वर्णभेदाची भिंत पाडणारा जॅकी रॉबिन्सन अशाच एका गावच्या कॉलेजात, पॅसाडीना ज्युनियर कॉलेजात शिकून मग विद्यापीठात गेला.

आता १९६० सालाकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मलेली प्रचंड पिढी महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर येऊन ठेपली होती. कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि राज्य महाविद्यालये यांच्यात विद्यार्थी, अभ्यासक्रम आणि अनुदान यांवरून चुरस चालू होती. विद्यापीठाचे अध्यक्ष क्लार्क कर यांच्या पुढाकाराने वाटाघाटी होऊन 'मास्टर प्लॅन' नावाचा आराखडा तयार झाला. गव्हर्नर पॅट ब्राउन यांनी एप्रिल १९६० मध्ये त्यासंबंधीच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. योजना अशी : बारावी उत्तीर्ण होणाऱ्यांपैकी वरच्या अष्टमांशाला विद्यापीठ, वरच्या तृतीयांशाला राज्य महाविद्यालये आणि ज्याला शिक्षणाचा लाभ होऊ शकेल अशा इतर प्रत्येकाला ज्युनियर कॉलेज. राज्यातील रहिवाशांकडून अध्यापनशुल्क घ्यायचे नाही, हे जुने तत्त्वही आराखड्याने पुन्हा उच्चारले.

मास्टर प्लॅनचे कौतुक जगभर झाले आणि ते रास्तच आहे. मात्र त्याच्या स्तुतिपर वर्णनात एक गोष्ट बहुधा निसटते. अधिकाधिक विद्यार्थी ज्युनियर कॉलेजांकडे वळवण्यामागे समतेचा विचार होता, तसाच काटकसरीचाही होता. विद्यापीठातील विद्यार्थ्याचा खर्च राज्याच्या तिजोरीवर पडे, तर ज्युनियर कॉलेजातील विद्यार्थ्याचा बराचसा भार स्थानिक करदाता उचली. सॅक्रामेंटो या राजधानीतून पाहिले तर हे कॉलेज स्वस्त होते, कारण त्याचा पैसा दुसऱ्याच्या खिशातून येत होता. आराखडा करणाऱ्यांना याची जाणीव होती, म्हणून राज्याचा वाटा सुमारे ३० टक्क्यांवरून १९७५ पर्यंत ४५ टक्क्यांवर न्यावा, अशी शिफारसही त्यांनी केली. तरीही मूळ रचना तीच राहिली. सर्वांना प्रवेशाचे वचन राज्याने दिले आणि ते पाळण्याचा बहुतांश खर्च घरपट्टीने सोसला.

ही व्यवस्था निर्दोष होती, असे मात्र समजू नये. ज्या भागात मोठे कारखाने, तेलाच्या विहिरी किंवा महागडी घरे होती, तेथे थोड्या दरातही भरपूर पैसा जमे. गरीब भागातील लोकांनी चढा दर मोजला तरी त्यांचे कॉलेज ओढगस्तीतच राही. शाळांच्या बाबतीत हाच अन्याय १९७१ मध्ये 'सेरानो विरुद्ध प्रीस्ट' या प्रसिद्ध खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने उघड केला. 'स्थानिक स्वायत्तता' या शब्दाला जी सोनेरी कड आहे, तिच्या मागे ही विषमता दडलेली असते.

तरी त्या काळात हजारो सामान्य घरांतील मुले या कॉलेजांत जवळजवळ विनामूल्य शिकली, हे खरेच. अभिनेता टॉम हँक्स १९७४ मध्ये बारावी होऊन हेवर्ड येथील शाबो कॉलेजात दाखल झाला. आपल्या जडणघडणीचे श्रेय त्याने पुढे २०१५ मध्ये वृत्तपत्रातील लेखातून जाहीरपणे त्या कॉलेजाला दिले.

त्याच सुमारास घरांच्या किमती वेगाने चढत होत्या. घराची किंमत वाढली की करआकारणी वाढे, पण निवृत्त माणसाचे उत्पन्न तेवढेच राही. स्वतःच्या घरात राहूनही पट्टी भरता येत नाही, अशी अनेकांची अवस्था झाली. राज्याच्या तिजोरीत मात्र शिल्लक साठत होती. प्रस्ताव १३ ला केवळ श्रीमंतांचा कट म्हणणाऱ्यांनी ही खरीखुरी भीती लक्षात घ्यायला हवी. जार्विस यांच्या मोहिमेमागे व्यावसायिक मालमत्ताधारकांचेही हित होते आणि प्रस्तावाचा मोठा लाभ त्यांना मिळाला, हेही तितकेच खरे.

प्रस्तावाने काय केले? घरपट्टी मालमत्तेच्या मूल्याच्या एक टक्क्यावर गोठवली. मूल्य १९७५-७६ च्या पातळीवर मागे नेले आणि मालमत्ता विकली जाईपर्यंत ते वर्षाला दोन टक्क्यांहून अधिक वाढवता येणार नाही, असे बंधन घातले. राज्याचे कर वाढवण्यासाठी विधिमंडळात दोन-तृतीयांश बहुमत आवश्यक केले. घरपट्टीचे उत्पन्न एका फटक्यात निम्म्याहून खाली आले. तूट सुमारे ७०० कोटी डॉलरची होती.

आणखी एक तरतूद होती आणि माझ्या मते कॉलेजांच्या दृष्टीने तीच सर्वांत परिणामकारक ठरली. हा एक टक्का कर जिल्ह्यांमध्ये 'कायद्यानुसार' वाटला जाईल, असे प्रस्तावात म्हटले होते. कायदा कोण करणार? राज्याचे विधिमंडळ. म्हणजे कर स्थानिकच राहिला, पण त्याचा दर ठरवण्याचा अधिकार कॉलेजाच्या मंडळाकडून गेला आणि तो कोणाला किती मिळावा हे सॅक्रामेंटोत ठरू लागले. पाटाचे पाणी गावातूनच वाहत होते, पण दार उघडण्याची किल्ली राजधानीत गेली.

त्या वेळी गव्हर्नर होते जेरी ब्राउन, मास्टर प्लॅनवर स्वाक्षरी करणाऱ्या पॅट ब्राउन यांचे चिरंजीव. त्यांनी प्रस्ताव १३ ला विरोध केला होता. निकालानंतर मात्र त्यांनी इतक्या उत्साहाने अंमलबजावणी केली की लोक थक्क झाले. तिजोरीतील शिल्लक वापरून १९७८ मध्ये तात्पुरती मदत देण्यात आली आणि १९७९ च्या कायद्याने घरपट्टीच्या वाटपाची कायम पद्धत ठरली. कॉलेजांच्या खर्चातील राज्याचा वाटा वर्षभरात निम्म्याच्या पलीकडे गेला. बाप-लेकांची ही जोडी या कथेत पुन्हा भेटणार आहे.

पहिली काही वर्षे साठलेल्या शिलकीवर निभावली. मग १९८० च्या दशकारंभीची मंदी आली आणि शिल्लक आटली. पैसा राज्याचा झाल्यावर कोणते अभ्यासक्रम पैशाच्या लायकीचे हेही राज्य ठरवणार, हे ओघाने आलेच. १९८२ मध्ये छंद, मनोरंजन आणि वैयक्तिक विकास या सदरांत मोडणाऱ्या अभ्यासक्रमांचे ३ कोटी डॉलर कापण्यात आले. रकमेपेक्षा पायंडा महत्त्वाचा होता. आपल्या गावातील वृद्धांसाठी किंवा गृहिणींसाठी कोणता वर्ग चालवावा, हा निर्णय आता दूर कोठे तरी अर्थसंकल्पाच्या बैठकीत होत होता.

१९८३ मध्ये जॉर्ज ड्यूकमेजियन गव्हर्नर झाले. राज्याची तूट भरायची, कर वाढवायचे नाहीत, तेव्हा कॉलेजांनी विद्यार्थ्यांकडून शुल्क घ्यावे, ही त्यांची भूमिका. विधिमंडळातील डेमोक्रॅट पक्षाचे बहुमत विनामूल्य शिक्षणाचे तत्त्व सोडायला तयार नव्हते. गव्हर्नरांनी कॉलेजांच्या तरतुदीवर कात्री चालवली आणि महिनोन्‌महिने रस्सीखेच चालली. जानेवारी १९८४ मध्ये तडजोड झाली. त्या वर्षीच्या शरद सत्रापासून पूर्णवेळ विद्यार्थ्याला सत्राला ५० डॉलर शुल्क लागू झाले. कमी विषय घेणाऱ्यांना प्रत्येक युनिटला ५ डॉलर. गरीब विद्यार्थ्यांसाठी शुल्कमाफीची सोयही त्याबरोबरच झाली.

शब्दयोजना पाहा. या रकमेला अध्यापनशुल्क म्हटले गेले नाही. तिचे नाव 'नोंदणी शुल्क'. त्यामुळे मास्टर प्लॅनचे तत्त्व कागदावर अबाधित राहिले! १९८१ च्या तुलनेत १९८४ पर्यंत विद्यार्थिसंख्या दोन लाखांहून अधिक घटली. सारा दोष शुल्काला देता येणार नाही. वर्गकपात झाली होती आणि अर्थव्यवस्था सावरल्यामुळे नोकऱ्याही मिळू लागल्या होत्या. पण दरवाजा पूर्वीइतका सताड उघडा राहिला नव्हता, हे नाकारता येत नाही.

येथून पुढे शुल्काचा आलेख काढला तर तो राज्याच्या मंद्यांचा आलेख होतो. १९९० च्या दशकारंभी मंदी आली तेव्हा युनिटला ६, मग १०, मग १३ डॉलर. १९९३ मध्ये तर ज्यांच्याकडे आधीच पदवी आहे अशांना युनिटला ५० डॉलर आकारले गेले. नोकरी गेल्यामुळे नवे कौशल्य शिकू पाहणारी मध्यमवयीन माणसे यात भरडली गेली. तेजी आल्यावर दर ११ पर्यंत उतरला. २००३-०४ मध्ये पुन्हा १८ आणि २६. मध्यंतरी २० वर आला, २००९ मध्ये पुन्हा २६, मग ३६ आणि २०१२ च्या उन्हाळ्यात ४६. लोकांचे हात तंग असतात नेमके तेव्हाच दर चढतो. उलट असायला हवे, असे कोणीही शहाणा म्हणेल. पण अर्थसंकल्प त्या वर्षीच्या तुटीकडे पाहतो.

एक अंगभूत पेच आहे. विद्यापीठात मंदी असो वा तेजी, प्रवेश मर्यादित असतात. कम्युनिटी कॉलेजात मंदीत गर्दी उसळते, कारण नोकरी गेलेला माणूस आधी तेथेच येतो. आणि त्याच मंदीत राज्याची तिजोरी रिकामी होते. कॅलिफोर्नियात तर विशेष, कारण घरपट्टी बांधली गेल्यानंतर राज्य उत्तरोत्तर आयकरावर विसंबू लागले आणि तो मोठ्या प्रमाणात अतिश्रीमंतांच्या शेअर बाजारातील नफ्यावर अवलंबून आहे. घरपट्टी बैलगाडीसारखी संथ पण भरवशाची होती. हा कर पतंगासारखा आहे, वारा पडला की थेट जमिनीवर.

या चढउतारापासून शिक्षणाला वाचवण्यासाठी नोव्हेंबर १९८८ मध्ये 'प्रस्ताव ९८' आला. आदल्याच वर्षी खर्चमर्यादेच्या एका नियमामुळे राज्याने ११० कोटी डॉलर शाळांना न देता करदात्यांना परत केले होते. तो राग ताजा होता. प्रस्ताव जेमतेम मंजूर झाला, ५०.७ टक्के मतांनी. बालवाडीपासून चौदावीपर्यंतच्या शिक्षणाला किमान ठरावीक रक्कम मिळालीच पाहिजे, असे त्याने राज्यघटनेत लिहून ठेवले. साधारणतः ही हमी राज्याच्या मुख्य निधीच्या ४० टक्क्यांच्या आसपास जाते.

कॉलेजांना वाटले, आता आपण सुरक्षित. पण सूत्रातील खाचाखोचा पाहा. पहिली : हमीची रक्कम राज्याचा निधी आणि स्थानिक घरपट्टी मिळून मोजली जाते. त्यामुळे बहुतेक वर्षी घरपट्टी वाढली की राज्य आपला हात तेवढाच आखडता घेऊ शकते. दुसरी : विद्यार्थिसंख्येतील वाढ मोजताना केवळ बारावीपर्यंतच्या मुलांची उपस्थिती धरतात. कॉलेजांत लाखभर नवे विद्यार्थी आले तरी हमी एका डॉलरनेही वाढत नाही. तिसरी : या एका ताटात शाळा आणि कॉलेजे दोघांनी जेवायचे आहे. कॉलेजांचा वाटा १०.९३ टक्के असावा असे कायद्यात लिहिले गेले, परंतु १९९० च्या दशकातील मंदीपासून विधिमंडळ ते कलम बहुतेक वर्षी स्थगित ठेवत आले. शाळांचे शिक्षक, पालक आणि संघटना यांचा आवाज मोठा. कॉलेजातील विद्यार्थी दिवसा काम करतो, संध्याकाळी वर्गात बसतो आणि दोन वर्षांत निघून जातो. त्याच्यासाठी मोर्चा कोण काढणार?

आता वर्षाचे चक्र पाहू, कारण खरी मेख तेथे आहे. राज्याचे आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होते. गव्हर्नरांचा अर्थसंकल्प १० जानेवारीपर्यंत येतो, मेच्या मध्यापर्यंत त्याची सुधारित आवृत्ती येते आणि विधिमंडळाने तो १५ जूनपर्यंत मंजूर करायचा असतो. १९३३ पासून त्यासाठीही दोन-तृतीयांश बहुमत लागे, म्हणून तो वारंवार रखडे. २००८ चा अर्थसंकल्प २३ सप्टेंबरला, तर २०१० चा ८ ऑक्टोबरला मंजूर झाला, म्हणजे वर्ष सुरू होऊन १०० दिवस उलटल्यावर. २०१० च्या नोव्हेंबरात 'प्रस्ताव २५' ने साधे बहुमत पुरेसे केले, तेव्हा कोठे तारीख पाळली जाऊ लागली.

कॉलेजाच्या प्राचार्यांच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. ऑगस्टमध्ये सुरू होणाऱ्या सत्राचे वेळापत्रक वसंत ऋतूतच तयार करावे लागते. तेव्हा हातात असतो केवळ जानेवारीचा अंदाज. वर्ग भरतात, सत्र संपते, आर्थिक वर्षही संपते आणि त्या वर्षीच्या अनुदानाचा अंतिम हिशेब येतो पुढच्या फेब्रुवारीत! शिवाय शाळांना असलेले एक संरक्षण कॉलेजांना नाही. घरपट्टी अंदाजापेक्षा कमी जमली तर शाळांची तूट राज्य आपोआप भरून देते. कॉलेजांच्या बाबतीत तशी हमी नसते. २०१२ च्या फेब्रुवारीत याचा प्रत्यय आला. शुल्क वाढवल्याने अमुक एक रक्कम जमेल असा अंदाज अर्थसंकल्पात धरला होता. मंदीने गांजलेल्या विद्यार्थ्यांपैकी अपेक्षेहून अधिक जण शुल्कमाफीला पात्र ठरले. घरपट्टीही कमी आली. परिणामी सत्र चालू असतानाच सुमारे १५ कोटी डॉलरचा खड्डा पडला. विद्यार्थी गरीब निघाले, याचा दंड त्यांच्या कॉलेजांनी भरला.

दुसरी युक्ती थकबाकीची. जूनमध्ये द्यायचे अनुदान जुलैत दिले की ते पुढच्या वर्षाच्या खात्यात पडते आणि चालू वर्षाची तूट कागदावर कमी दिसते. किराणा दुकानातील उधारीची वही ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे नव्याने समजावून सांगायला नको. २०००च्या दशकाच्या आरंभी ही प्रथा सुरू झाली आणि फुगत फुगत २०११-१२ मध्ये कॉलेजांची अशी लांबवलेली रक्कम ९६ कोटी १० लाख डॉलर झाली. तोवर पगार कशातून द्यायचे? कॉलेज-जिल्ह्यांनी कर्जे काढली आणि व्याज भरले. ते व्याज कोणत्या तरी वर्गाच्या, कोणत्या तरी समुपदेशकाच्या पैशातूनच गेले.

२००७-०८ ते २०११-१२ या काळात कॉलेजांच्या राज्य अनुदानात सुमारे १५० कोटी डॉलरची घट झाली. विद्यार्थिसंख्या २९ लाखांवरून २४ लाखांवर आली. पाच लाख माणसे. मंदीत, म्हणजे एरवी गर्दी वाढायच्या काळात! शुल्कवाढीची चर्चा वृत्तपत्रांत पुष्कळ झाली, पण माझ्या मते मोठी हानी शुल्काने केली नाही. ४६ डॉलरचा दरही अमेरिकेत सर्वांत कमी होता आणि असंख्य विद्यार्थ्यांना तो माफ होता. हानी झाली ती वर्ग बंद झाल्याने. राज्य ठरावीक संख्येपर्यंतच विद्यार्थ्यांचे अनुदान देते. त्यापुढचा प्रत्येक विद्यार्थी कॉलेजाला पदरमोड करून शिकवावा लागतो. कॉलेजांनी तुकड्या कमी केल्या. सर्वांत आधी गेले ते तासिका तत्त्वावरील प्राध्यापक, कारण त्यांना काढणे सोपे.

नोंदणीच्या रांगेत आधीपासून शिकत असलेल्यांना पहिली पाळी मिळे. बारावी होऊन नुकतीच आलेली, घराण्यात पहिल्यांदाच कॉलेज पाहणारी मुले शेवटी. त्यांची पाळी येईपर्यंत इंग्रजी आणि गणिताच्या पायाभूत तुकड्या भरलेल्या असत. त्यांना कोणीही प्रवेश नाकारला नव्हता. ती कागदोपत्री कॉलेजात दाखल होती, फक्त बसायला वर्ग नव्हता. म्हणूनच या घटनेचे वर्णन करायला नेमकी तारीख सापडत नाही, कोणाची स्वाक्षरी दाखवता येत नाही. १९६० चे वचन कोणत्याही ठरावाने रद्द झाले नाही.

या टंचाईचे टोक २०१२ मध्ये सांता मोनिका कॉलेजात दिसले. नेहमीच्या तुकड्या पुरेनात, म्हणून पूर्ण खर्च वसूल करणाऱ्या, कित्येक पट महाग अशा जादा तुकड्या उघडण्याचा प्रस्ताव आला. एकाच कॉलेजात, एकाच विषयाचे दोन दर! ३ एप्रिलला नियामक मंडळाच्या बैठकीबाहेर विद्यार्थ्यांनी निदर्शने केली आणि त्यांच्यावर मिरपुडीचा फवारा मारला गेला. योजना स्थगित झाली.

तोवर जेरी ब्राउन पुन्हा गव्हर्नर झाले होते, पहिल्या कारकिर्दीनंतर तब्बल २८ वर्षांनी. ज्याने प्रस्ताव १३ अमलात आणला, तोच आता मतदारांकडे कर वाढवून मागायला गेला. नोव्हेंबर २०१२ मध्ये 'प्रस्ताव ३०' सुमारे ५५ टक्के मतांनी मंजूर झाला. विक्रीकर किंचित वाढला, अतिश्रीमंतांचा आयकर वाढला, लांबवलेली देणी हळूहळू फिटली. २०१८ मध्ये याच ब्राउन यांनी कॉलेजांच्या अनुदानाचे सूत्रही बदलले. केवळ डोकी मोजण्याऐवजी साधारण ७० टक्के रक्कम विद्यार्थिसंख्येवर, २० टक्के गरीब विद्यार्थ्यांच्या प्रमाणावर आणि १० टक्के निकालांवर. गरिबांसाठीची तरतूद मला स्वागतार्ह वाटते. निकालावरील अनुदानाबद्दल मात्र शंका आहे, कारण अर्धवट सोडून जाणारा विद्यार्थी पुष्कळदा कॉलेजामुळे जात नाही, घरभाड्यामुळे जातो.

२०२० मध्ये महासाथ आली तेव्हा लांबणीची युक्ती पुन्हा बाहेर निघाली, यावेळी १४५ कोटी डॉलरची. शेअर बाजार अनपेक्षितपणे उसळला आणि पुढील वर्षी ती फेडलीही गेली. या खेपेस पेच उलटा पडला. तिजोरी भरली आणि विद्यार्थीच आले नाहीत.

१९७८ पूर्वीचे जग पूर्णपणे नाहीसे झाले, असेही नाही. राज्यात काही थोडे कॉलेज-जिल्हे असे आहेत की त्यांच्या भागातील घरपट्टी, दर बांधलेला असूनही, राज्याच्या सूत्रानुसार देय रकमेपेक्षा अधिक जमते. हा वरचा पैसा त्यांच्याकडेच राहतो. सिलिकॉन व्हॅलीला लागून असलेला सान मातेओ हा त्यांपैकी एक. २०२२ च्या एका कायद्याने त्या जिल्ह्याला आपल्या पैशातून विद्यार्थ्यांचे शुल्क माफ करण्याची परवानगी मिळाली. ज्या फ्रेझ्नोत १९१० मध्ये ही कथा सुरू झाली, तेथील कॉलेजाला मात्र दर जानेवारीत सॅक्रामेंटोकडे पाहावे लागते.

युनिटचा दर २०१२ पासून ४६ डॉलरच आहे. अतिश्रीमंतांवरील वाढीव आयकर २०१६ च्या 'प्रस्ताव ५५' ने २०३० पर्यंत लांबवला. मास्टर प्लॅनच्या वाटाघाटी हा स्वतंत्र धाग्याचा विषय आहे. त्यावर सवडीने लिहीन. प्रश्न असतील तर खाली विचारा.